एक्क्याऐंशीचे एकाहत्तर

तिला सगळे फीतमावशी म्हणायचे. आधी मुलं म्हणायला लागली, मग मुलांचं ऐकून शिक्षक, आणि पुढे तर रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या तोंडूनही एकदा "फीतमावशींना बोलवा" असं निसटलं आणि त्यांनी जीभ चावली. तिला त्याचं काही वाटायचं नाही. रीतसर शिकून, परीक्षा देऊन झालेली नर्स होती ती, पण नाव पडलं ते पडलं. एप्रनच्या उजव्या खिशात कायम निळी फीत, घट्ट गुंडाळी करून ठेवलेली.

फीत तिच्या हातात आली ती वडिलांच्या दुकानात. वडील शिंपी. दुकान म्हणजे एक शिवणयंत्र, एक उंच टेबल, एक आरसा आणि कपडे घालून बघायला पडद्यामागची एक बोळकांडी. शाळा सुटली की ही पोर टेबलाशी स्टुलावर बसून मापांची वही लिहायची. आता माप द्यायला आलेला माणूस कितीही मोठा असो, फीत कमरेला लागली की तो पोट आत घेतोच. श्वास रोखून, छताकडे बघत, जसं काही आपलं त्या पोटाशी काही नातंच नाही! वडील कधी म्हणाले नाहीत, "अहो, पोट सोडा." गप्पा मारता मारता ते फीत धरून ठेवायचे, माणूस बोलायला लागला की पोट आपसूक जागेवर यायचं, आणि मग ते मोठ्यानं म्हणायचे, "चौतीस!" गिऱ्हाईक खूश. त्याच वेळी त्याच्या पाठीमागून डाव्या हाताची चार बोटं लेकीला दाखवायचे. लेक वहीत लिहायची, अडतीस. कपडा बरोबर बसायचा, माणसाची लाज राहायची, आणि बापलेकीत काय झालं याचा तिसऱ्याला पत्ता नाही.

"बोलताना कमी बोललं तर चालतं गं," ते एकदा म्हणाले होते, "लिहिताना नाही. शिवायला बसलं की खरंच माप लागतं."

पुढे तिला शाळांच्या फेऱ्यांचं काम मिळालं, तेव्हा हे सगळं उपयोगी पडलं. काम साधं होतं. मुलांच्या यकृतात चरबी साचते, आणि ती साचताना दुखत नाही, खुपत नाही, मूल खेळतं, जेवतं, कुणाला काही कळत नाही. पण सगळ्यांना सुया टोचत कोण बसणार? म्हणून पहिली चाळणी फितीची. उंची मोजायची, कंबर मोजायची. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर मुलाला पिवळी चिठ्ठी. पिवळी चिठ्ठी म्हणजे आजार नव्हे, फक्त एक रक्ततपासणी करून घ्या, एवढंच. त्यात काही आढळलं तर रुग्णालयात यंत्रावर यकृत बघायचं. कंबर निम्म्याच्या आत असली तर पांढरी चिठ्ठी, "सध्या तपासणीची गरज नाही." मग तीन वर्षं बघायला नको.

आणि मुलंही शेवटी माणसंच. फीत लागली की पोट आत! दहा वर्षांची कार्टी, पण छताकडे बघायची तऱ्हा तीच. त्यावर फीतमावशीनं उपाय काढला होता. फीत लावायची, मग वाकून पोटाला कान लावायचा, भुवया वर करायच्या आणि गंभीरपणे विचारायचं, "गणिताचं पुस्तक गिळलंस का रे? आतून सातचा पाढा ऐकू येतोय." मूल थक्क. मग ही आणखी कान लावून म्हणायची, "आणि चुकीचा म्हणतोय मेला! सात आठे पंचावन्न म्हणतोय!" की मूल फिस्सकन हसलंच. हसताना पोट धरून ठेवता येत नाही, करून बघा हवं तर. हसून झालं, श्वास सुटला, की त्या क्षणी ती माप वाचायची. तिची मापं इतकी बरोबर यायची की नव्या नर्सना ती बघायला पाठवत. कौतुकानं ती थोडी फुगली होती, खोटं कशाला बोला.

एक गोष्ट मात्र तिच्या हातात नव्हती. चिठ्ठ्या वर्गशिक्षकांकडे जायच्या आणि काही शाळांत शिक्षक पिवळ्या चिठ्ठीवाल्यांची नावं वर्गात मोठ्यानं वाचायचे. झालं! दुसऱ्या दिवसापासून त्या मुलांचं नाव 'पिवळे'. पिवळे आले, पिवळे गेले, पिवळ्यांना डबा देऊ नका. फीतमावशीनं मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, वरिष्ठांना दोनदा लिहून दिलं. "बघतो," म्हणाले. काय बघितलं, तेच जाणोत.

अशाच एका शाळेत, जिमखान्याच्या खोलीत, गाद्यांचा ढीग आणि हवा गेलेले चेंडू यांच्या मध्ये, ती मुलगी तिच्यासमोर उभी राहिली. अकरा वर्षांची, चष्म्याची, बाही ओढून ओढून हाताच्या पंजापर्यंत आणलेली. उंची एकशे सेहेचाळीस. म्हणजे निम्मं त्र्याहत्तर. फीत लावायच्या आधीच मुलीनं पोट आत घेतलं होतं, आणि ते असं की बरगड्या दिसाव्यात.

फीतमावशी वाकून कान लावणार, तोच मुलगी दातांतल्या दातांत म्हणाली, "मावशी, मला नका हसवू."

"का गं?"

"मला पिवळी नको. गेल्या वेळी माझ्या मैत्रिणीला मिळाली. ती आता शाळेतच येत नाही." एवढं बोलताना तिचा श्वास सुटला आणि फीतमावशीच्या चिमटीतून फीत सरकली. एक्क्याऐंशी. स्वच्छ दिसलं. मुलीनं लगेच पोट पुन्हा आत ओढलं, चष्म्यामागून एकटक तिच्याकडे बघत राहिली, आणि फितीवर आकडा आला एकाहत्तर.

दाराबाहेर रांगेत बाकीची मुलं ढकलाढकली करत होती. फीतमावशीला त्या पोरीची दया आली. अगदी पोटातून आली. ती मोठ्यानं म्हणाली, "एकाहत्तर!" बाप म्हणायचा तसंच. फक्त पाठीमागून बोटं दाखवायला तिथं कुणी नव्हतं आणि वही तिच्याच हातात होती. तिनं लिहिलं, ७१. पांढऱ्या चिठ्ठीवर सही केली. मुलीचा चेहरा असा काही उजळला की त्या दिवशी घरी जाईपर्यंत फीतमावशीला आपण पुण्याचं काम केल्यासारखं वाटत होतं.

तिच्या मनात तसं वाईट नव्हतं. पुढच्या फेरीत या पोरीला बाजूला घेऊ, आईला गुपचूप बोलवू, शिक्षकाच्या हातात चिठ्ठी न देता रक्त तपासून घेऊ, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. वहीच्या मागच्या पानावर मुलीचा हजेरी क्रमांकही टिपला होता. पण पुढची फेरी तिची नव्हतीच. रुग्णालयात यकृत बघायचं नवं यंत्र आलं, ते चालवायला शिकायला तिला पाठवलं. बढतीच होती ती. शाळेची वही दुसरीकडे गेली, पान तिच्याबरोबर आलं नाही. तीन वर्षांनी ती मुलगी मोठ्या शाळेत गेली असणार, आणि तिथं ही तपासणी नव्हती. फीतमावशीला अधूनमधून आठवण यायची. असेल बरी, म्हणायची ती. सगळ्यांनाच थोडं काही होतं? अशी मनाची समजूत घालायला माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

यंत्राची खोली तिला आवडायची. पलंग, पडदा, भिंतीला कपडे अडकवायची खुंटी. मूल उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली. बरगड्यांच्या मध्ये थोडी थंड जेल लावून यंत्राचं टोक टेकवायचं, की आतून टुक् असा हलका ठोका बसायचा, कुणी बोटानं दार वाजवावं तसा. दहा ठोके नीट बसले की यंत्राच्या पडद्यावर दोन आकडे येत, एक चरबीचा, एक यकृताच्या कडकपणाचा. सुई नाही, कापाकापी नाही. मुलाला फक्त तीन तास उपाशी राहावं लागे. "कोण आलंय बघ दारावर," ती मुलांना म्हणायची. मुलं हसायची. पाढ्याचा विनोद मात्र तिनं त्या शाळेनंतर सोडून दिला होता. का, हे तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी साडेदहाला एक आई आणि तिची पंधरा वर्षांची मुलगी आत आली. मुलगी पडद्यामागे गाऊन घालायला गेली. आईनं खुर्चीत बसायच्या आधीच फाइल उघडली. पावत्या, रक्ताचे कागद, सगळं तारखेनुसार लावलेलं. उजव्या कुशीत दुखतं म्हणून घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, रक्तात यकृताचे आकडे वाढलेले निघाले, म्हणून इथं पाठवलं.

"सिस्टर, ही पहिल्यापासून अशी नव्हती हो," आई म्हणाली. "हे बघा, माझ्याकडे पुरावा आहे." आणि तिनं प्लास्टिकच्या पाकिटातून एक पांढरी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

उंची १४६. कंबर ७१. सध्या तपासणीची गरज नाही. खाली सही.

 स्वतःचं अक्षर माणूस विसरत नाही. सातचा आकडा ती अजूनही तसाच काढायची, शेपूट लांब ओढून.

"शाळेनं सांगितलं होतं, ठणठणीत आहे," आई सांगत होती. तिला थांबवायला कुणी नव्हतं. "तेव्हा तिच्या मानेवर काळं दिसायचं. मला वाटायचं डॉक्टरला दाखवावं. पण ही चिठ्ठी आली आणि मी म्हटलं, मळ असेल. घासून घासून मान लाल करायची मी तिची. थकते म्हणायची, तर मी चिठ्ठी दाखवायची. आळस आहे नुसता, म्हणायची." ती थांबली. "त्याच वर्षी, चिठ्ठी आल्यावर, मी कामाला लागले होते. औषधांची खोकी भरायचा कारखाना. आता घरात सगळे एकच म्हणतात. अकरा वर्षांची होती तोवर पोर चांगली होती, कागद आहे ना! आई घराबाहेर पडली आणि पोरीचं वाटोळं झालं. हिचे वडील म्हणतात, सासूबाई म्हणतात. खरंच आहे ना ते? माझ्याच हातून झालं. दोन वर्षं झाली, काम सोडलं मी. तिच्या ताटासमोर बसते, घास मोजते. ती माझ्यासमोर खातच नाही आता."

  फीतमावशीनं यंत्र चालू केलं. पडद्याआडून मुलगी आली आणि पलंगावर आडवी झाली. चष्मा काढून ठेवलेला, तरी ओळख पटलीच. कारण गाऊनची नाडी सुटायच्या आधीच तिनं पोट आत घेतलं होतं आणि ती छताकडे बघत होती. चार वर्षांत मुलगी हातभर वाढली होती, एवढी एक सवय तशीच.

"पोट सोड बाळा," फीतमावशी म्हणाली. "इथं कुणी मोजत नाही."

मुलीनं सोडलं नाही.

टुक्. टुक्. दहा ठोके. फीतमावशीनं आणखी दोन घेतले, आधीचे चुकले असतील या वेड्या आशेनं. चुकले नव्हते. चरबी भरपूर, आणि कडकपणाचा आकडाही वर गेलेला. म्हणजे नुसती चरबी नाही, आत वण पडायला लागले होते. तिनं कागद काढून शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंना नेऊन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला.

"अजून वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "या वयात यकृत सावरतं. पण चार वर्षांपूर्वी सापडली असती ना, तर बहुतेक चरबीवरच निभावलं असतं. कुणी बघितलंच नाही का हिच्याकडे?"

"बघितलं होतं," फीतमावशी म्हणाली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, ती असंच म्हणतेय.

परत येताना त्या सात-आठ पावलांत ती भिंतीला हात लावून उभी राहिली. कुणालाही कळलं नसतं, हे मुद्दाम सांगतो. एकाहत्तर लिहिलंय म्हणजे एकाहत्तर. कोण विचारणार होतं? आई तर पुरावा म्हणून मिरवत होती तो कागद. ही गप्प राहिली असती तर नोकरीची उरलेली वर्षं निवांत निघून गेली असती, आणि ती आई जन्मभर घास मोजत बसली असती. फीतमावशीच्या डोळ्यांसमोर बापाची ती चार बोटं आली. सगळा धंदा त्या बोटांवर उभा होता, आणि तिनं नेमकी तेवढीच गाळली होती.

ती आत आली. मुलगी पडद्यामागे कपडे बदलत होती. आई उठून उभी राहिली.

"बाई, बसा. ही सही माझी आहे," फीतमावशी म्हणाली.

आईनं आधी हसूनच बघितलं. "अगं बाई! तुम्हीच का त्या?"

"मीच. आणि ते माप खोटं आहे. एक्क्याऐंशी भरलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि एकाहत्तर लिहिलं. पोरीनं पोट आत ओढलं होतं, पिवळी चिठ्ठी नको म्हणून रडवेली झाली होती, मला दया आली. तुमची मुलगी तेव्हाही बरी नव्हती, मानेवरचं ते काळं मळ नव्हता, याचीच खूण होती. तुम्ही कामाला लागायच्या आधीपासून नव्हती. तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. माझ्या हातून बिघडलं."

आई बसली. बराच वेळ तिनं त्या चिठ्ठीवर बोट फिरवलं, सातच्या शेपटावरून खाली, पुन्हा वर.

"दया," ती म्हणाली. "मी तिची मान घासत होते हो. रोज. ती ओरडायची आणि मी घासत होते."

फीतमावशीच्या डोळ्यांना धार लागली.  आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. पर्समधून पेन काढलं, चिठ्ठी टेबलावर सरकवली.

"लिहून द्या."

"काय?"

"खरं काय ते. याच कागदावर, याच आकड्याच्या शेजारी. मी घरी नेणार आहे. सासूबाईंना वाचता येतं."

फीतमावशीनं ७१ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ८१. खाली लिहिलं की माप मी चुकीचं नोंदवलं, मुलीच्या आईचा यात काही दोष नाही. तारीख घातली, पूर्ण सही केली. "हे मी आजच डॉक्टरीणबाईंनाही सांगते," ती म्हणाली. "तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा. मी नाही म्हणणार नाही."

"करीन की नाही, ते बघते मी," आई म्हणाली. तिनं चिठ्ठी फुंकून शाई वाळवली आणि पाकिटात घातली, फाइलमध्ये नाही, पर्समध्ये. मग एकदम तिचा हात थांबला. "कारखान्यातली ती जागा गेली पण माझी," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "मुकादमबाई म्हणाल्या होत्या, थांब. मी नाही थांबले."

पडदा सरकला. मुलगी केव्हाची कपडे घालून आत उभी होती, सगळं ऐकत. चष्मा लावलेला, बाह्या पंजापर्यंत ओढलेल्या. आई तिच्याजवळ गेली, तिच्या मानेवर हात ठेवला. मुलगी आधी दचकली. मग तिला कळलं की हात नुसताच ठेवलाय, आणि ती तशीच उभी राहिली.

दोघी निघाल्या. दारात मुलगी मागे वळली.

"मावशी, तो पाढ्याचा विनोद मला माहीत होता," ती म्हणाली. "वर्गात सगळ्यांनी सांगितला होता. मी उगाच म्हटलं होतं हो, नका हसवू म्हणून. तुम्ही नुसता कान लावला असतात ना, तरी मी हसले असते."

बाहेर बाकावर पुढचं मूल, तीन तासांचं उपाशी, आणि त्याचा बाप वाट बघत होते. फीतमावशीनं यंत्राचं टोक पुसलं आणि त्यांना हाक मारली.